झुबकीची लाल गोधडी

एक होती खार. केवढी? बाबांच्या मुठीएवढी. शेपूट मात्र ही एवढी! म्हणून तिचं नाव झुबकी.

झुबकी राहायची नीलाकाकूंच्या खिडकीत, कुंडीच्या मागे. तिची एक गोधडी होती. लाल लाल. मऊ मऊ. काकूंच्या फाटक्या मोज्याची. ती अंगावर घेतली की झुबकीला झोप यायची. नाही घेतली, तर नाही यायची. मुळीच नाही.

झुबकीला एक खोड होती. मिळेल ते लपवायचं. शेंगदाणा लपव. कापूस लपव. बटण लपव. आणि कुठे लपवलं, ते विसरायचं! "इथे ठेवलं होतं ना? की तिथे?" दिवसभर आपलं हेच.

एके दिवशी दुपारी काय झालं? गोधडी घसरली. खाली होती पाण्याची बादली.

डुबुक्!

गोधडी ओली. चिंब ओली. टप टप टप.

झुबकीने वर बघितलं. ढग. इकडे बघितलं. ढग. तिकडे बघितलं. तिकडेही ढग! चार दिवस झाले, ऊन म्हणून आलंच नव्हतं.

"बाई गं बाई, झोपू कशी?" झुबकीला रडूच आलं.

मग तिला आठवलं. काकूंच्या घरात कपडे वाळवायचं मशीन आहे. पांढरं. चौकोनी. गोल दाराचं. झुबकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

आत जाऊन बघते तर काय! पांढरी, चौकोनी, गोल दाराची मशिनं दोन! आता गं?

तिने एकाला विचारलं, "माझी गोधडी वाळवता का?"

"मी धुते गं," ते मशीन म्हणालं. "वाळवतो तो शेजारचा."

शेजारी होता ड्रायर. झुबकी म्हणाली,

"ड्रायरदादा, ड्रायरदादा, ऐक ना.
गोधडी माझी वाळेना.
बाई गं बाई, झोपू कशी?"

ड्रायर म्हणाला, "घुम्... घुम्... मी नाही फिरणार. माझ्या पोटातला पट्टा तुटला. नवा पट्टा आत येईल, तर मी फिरेन."

झुबकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. टेबलावर चढली. तिथे होतं काहीतरी काळं. लांब. वेटोळं घातलेलं.

"साप! साप!" झुबकी कुंडीमागे पळाली.

"साप नाही गं, मी पट्टा!" ते काळं काहीतरी म्हणालं. झुबकी परत आली. जरा लांबच उभी राहिली. म्हणाली,

"पट्टेराव, पट्टेराव, ऐका ना.
ड्रायर गरगर फिरेना.
गोधडी माझी वाळेना.
बाई गं बाई, झोपू कशी?"

पट्टा म्हणाला, "मी नाही जाणार. जाऊ कुठून? मागचं झाकण बंद आहे. झाकण उघडेल, तर मी जाईन."

झुबकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. ड्रायरच्या मागे गेली. तिथे अंधार. तिथे कोळ्याची जाळी. झाकण कुठलं आणि भिंत कुठली, काही कळेना. झुबकीने भिंतीलाच नमस्कार केला. भिंत काय बोलणार?

"अगं, मी इकडे!" झाकण म्हणालं. झुबकी वळली.

"झाकणबाई, झाकणबाई, ऐका ना.
पट्टा आत जाईना.
ड्रायर गरगर फिरेना.
गोधडी माझी वाळेना.
बाई गं बाई, झोपू कशी?"

झाकण म्हणालं, "मी नाही उघडणार. मला चार स्क्रू. एक, दोन, तीन, चार. पेचकस फिरेल, तर मी उघडेन."

झुबकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. अर्ध्या वाटेत थांबली. डोकं खाजवलं. काय बरं हवं होतं? झाकण? पट्टा? शेंगदाणा? ती सगळं परत म्हणायला लागली. "गोधडी काही उघडेना... झाकण माझं वाळेना..."

छे! चुकलं! तुम्हाला येतं ना? मग सांगा तिला.

हां. आता आठवलं. हवा होता पेचकस. तो होता एका पिशवीत. पिवळ्या मुठीचा, चपट्या तोंडाचा.

"पेचकसकाका, पेचकसकाका, ऐका ना.
झाकण काही उघडेना.
पट्टा आत जाईना.
ड्रायर गरगर फिरेना.
गोधडी माझी वाळेना.
बाई गं बाई, झोपू कशी?"

पेचकस म्हणाला, "मी नाही फिरणार. एकटा कसा फिरू? शकूमावशी मला धरेल, तर मी फिरेन."

शकूमावशी कोण? पिशवी जिची, ती शकूमावशी! गावातली सगळी मशिनं तीच दुरुस्त करायची. ती जमिनीवर बसली होती, मांडी घालून. हनुवटीवर हात. समोर ड्रायर. आणि तिचं चाललं होतं, "हं... हं... अस्सं होय..."

झुबकी तिच्या गुडघ्यावर चढली.

"शकूमावशी, शकूमावशी, ऐक ना.
पेचकस करकर फिरेना.
झाकण काही उघडेना.
पट्टा आत जाईना.
ड्रायर गरगर फिरेना.
गोधडी माझी वाळेना.
बाई गं बाई, झोपू कशी?"

"अगं बये, तू गं कोण?" मावशी हसली. "पण मी नाही पेचकस धरणार. इतक्यात तर नाहीच."

"का गं मावशी?"

"प्लग मी कधीच काढलाय. आधी प्लग, मग बाकी सगळं. पण पट्टा का तुटला, ते नको कळायला? आज नवा घालायचा आणि उद्या तोही तुटायचा! असलं काम नाही मी करत." मावशीने बोट दाखवलं. "तो पाइप बघ. त्यातून गरम वारा बाहेर जातो. पण तो तुंबलाय. वारा आत कोंडला. ड्रायर तापला. पट्टा कडक झाला आणि तुटला, कट्टकन! पाइप मोकळा होईल, तर मी पेचकस धरेन."

नीलाकाकू दारातून म्हणाल्या, "अहो शकूताई, मग तुम्हीच काढा ना आतलं."

"माझा हात जात नाही हो. बघा, केवढा आहे!"

झुबकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. पाइपाच्या मागे मागे. पाइप गेला वर. झुबकी गेली वर. पाइप वळला. झुबकी वळली. पाइप गेला खिडकीबाहेर. झुबकी गेली खिडकीबाहेर. आणि पाइपाचं तोंड आलं कुठे? कुंडीच्या मागे! झुबकीच्याच घरात!

झुबकी चक्रावली. मी घरून निघाले. मग घरी कशी आले?

"पाइपअण्णा, पाइपअण्णा, ऐका ना.
मावशी पेचकस धरेना.
पेचकस करकर फिरेना.
झाकण काही उघडेना.
पट्टा आत जाईना.
ड्रायर गरगर फिरेना.
गोधडी माझी वाळेना.
बाई गं बाई, झोपू कशी?"

पाइप म्हणाला, "मम्. मम् मम्."

"काय?"

"मम् मम् मम्!"

झुबकीला काही म्हणजे काही कळेना. तिने पाइपाच्या तोंडात डोकावलं. तोंड भरलेलं! कापूस! बिचारा बोलणार कसा?

"कोणी कोंबला हा कापूस?" झुबकी रागावली. शेपूट फुलली. "कोण तो वेडा? त्याला काही अक्कल आहे की नाही?"

तिने कापूस धरला. ओढला. ओढला, ओढला, ओढला. थोडा कापूस आला. कापसातून आलं एक बटण. निळं.

"अरे! असंच एक बटण माझंही होतं."

आणखी ओढला. कापसातून आला एक शेंगदाणा. मग दुसरा. मग तिसरा.

"अरे! असेच तीन शेंगदाणे माझेही होते."

झुबकी थांबली. बटणाकडे बघितलं. शेंगदाण्यांकडे बघितलं. कापसाकडे बघितलं. मग शेपटीत तोंड लपवलं.

तो वेडा कोण होता? तुम्हाला कळलं ना? तिलाही कळलं. झुबकीला फार लाज वाटली. पण लाजून गोधडी वाळते का? नाही वाळत. तिने पाय रोवले. कापूस धरला. डोळे मिटले. आणि...

ओढ... ओढ... ओढ... फस्स!

सगळा कापूस बाहेर! झुबकी कापसात! नाकावर कापूस, कानात कापूस, शेपटीला कापूस.

"हूऽऽऽश!" पाइप म्हणाला. "बोलता येतंय मला! केव्हापासून सांगतोय, मम् मम्, म्हणजे तूच गं ती, तूच!"

झुबकी आत गेली. तुरुतुरु नाही. हळू... हळू... मावशीजवळ गेली. मान खाली घातली.

"मावशी, कापूस मीच कोंबला होता. लपवला आणि विसरले."

"तरीच माझा शेंगदाण्यांचा डबा रिकामा होतोय!" नीलाकाकू म्हणाल्या.

मावशी मात्र खो खो हसली. "कोंबलास तू आणि काढलासही तूच. माझ्या एवढ्या हाताला जमलं नाही, ते तुझ्या एवढ्याशा हाताने केलं. याला म्हणतात खारीचा वाटा! आण ती गोधडी."

आणि मग?

पाइप मोकळा झाला. मावशीने पेचकस धरला. पेचकस करकर फिरला. एक, दोन, तीन, चार! झाकण खटकन उघडलं. तुटका पट्टा बाहेर आला. नवा पट्टा आत गेला. झाकण बंद झालं. प्लग लागला. सगळ्यात शेवटी.

ड्रायर गरगर फिरला. घर्रर्र गरगर, घर्रर्र गरगर!

काकूंचे कपडे फिरले. काकांचा टॉवेल फिरला. लाल गोधडी फिरली. वर गेली, खाली आली. वर गेली, खाली आली. बघता बघता झुबकीची मानही फिरायला लागली.

टिंग!

दार उघडलं. मावशीने टॉवेल झटकला. झटकन गोधडी पडली. ती ओली होती का? नाही! गार होती का? नाही! गरम गरम. मऊ मऊ. ताज्या भाकरीसारखी.

झुबकी घरी गेली. कुंडीच्या मागे. गोधडी अंगावर घेतली. काकूंनी उरलेले कपडे ड्रायरमध्ये टाकले होते, म्हणून पाइपअण्णा वरून गरम गरम फुंकर घालत होते. हूऽऽ... हूऽऽ...

झुबकीचा एक डोळा मिटला. दुसरा मिटणार, इतक्यात तो टक्क उघडला.

"अगं बाई! माझे तीन शेंगदाणे! आत्ताच तर लपवले. पाइपात नाही हं! पाइपात नाहीच. मग कुठे बरं? इथे? की तिथे?"

गोधडीत तिने कूस बदलली. पोटाला काहीतरी टोचलं. एक. दोन. तीन.

झुबकी खुदकन हसली. आणि झोपली.

गोधडी वाळली, गोष्ट संपली.
तुमची गोधडी कुठे लपली?