भागरथाबाईंची थंड जमीन

कोळशाच्या रेल्वेगाड्या वाफेवर चालत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. तेलझरीत पोरगा मॅट्रिक झाला की दिव्याची टोपी घालून खाणीत उतरायचा आणि पोरगी नवऱ्याघरी जायची. कॉलेज होतं, पण पार जिल्ह्याच्या गावी. तिथं कोण पाठवणार?

गावच्या शाळेत भागरथाबाई नैताम शिकवायच्या. त्यांना हे बघवेना. त्या गावोगाव हिंडल्या, दारोदार बोलल्या. कुणी बांबू दिले, कुणी छपरासाठी कवेलू दिले, आणि शिवारात कॉलेज उभं राहिलं. लटारी मास्तर गणित शिकवायचे, बाकीचं सगळं बाई. असं म्हणतात, बाई बोलायला लागल्या की खाणीचा भोंगासुद्धा वाजायचा थांबायचा.

पण वर्ष सरलं नाही तोच खाणीचे साहेब आले.

"बाई, जागा सोडावी लागेल. खाली कोळसा आहे."

"मंग आमी कुठं जावं?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

पोरांनी बाकं डोक्यावर घेतली. कॉलेज माळावर गेलं. माळाखालीही कोळसा निघाला. मग ते नाल्याकाठी गेलं. तिथंही तेच. असं म्हणतात, बाई जिथं खुंटी ठोकत तिथं खाली कोळसाच असायचा. खाणीतली माणसं हसायची, "साहेब, सर्वे कायले करता? कॉलेज कुठं चाललं ते पाहा!"

पुढं तर उभं राहायलाही जागा उरली नाही. जुन्या खाणीतला कोळसा जमिनीच्या पोटात पेटला होता. भेगांतून धूर यायचा, चपलांचे तळ वितळायचे. पोरं गळू लागली, एकेक करून खाणीत कामाला जाऊ लागली.

लटारी मास्तरांनी फळा खाली टेकवला. "बाई, झालं आता. पोरं जाते तं जाऊ द्या."

"जाऊ देऊ? मास्तर, तुमचा भाऊ खाणीत गेला होता. आला का वापस?"

 मास्तरांनी फळा खांद्यावर घेतला.

बाईंनी चपला काढून फेकल्या. "जिथं पाय भाजणार नाही, तिथं वर्ग भरन," म्हणाल्या, आणि त्या धुमसत्या रानातून अनवाणी निघाल्या. तळवे पोळले, फोड आले, फुटले. बाई थांबेनात. असं म्हणतात, त्यांच्या प्रत्येक पावलाच्या ठशातून वाफ निघत होती. शेवटी काळ्या खडकाच्या टेकाडावर त्या थबकल्या. पाय दाबून पाहिला.

"मास्तर, थंड हाय."

तिथंच बाकं मांडली. तो पाठ बाईंनी बसून घेतला, आणि पुन्हा कधीच त्यांना धड चालता आलं नाही. साहेबांनी येऊन टेकाडाला भोकं पाडून पाहिली. नुसता खडक लागला.

बाई जाऊन किती पावसाळे झाले. आजही कॉलेज उघडतं त्या दिवशी सगळे फाटकाशी चपला काढून उभे राहतात. सगळ्यांत धाकटी पोरगी आत जाऊन जमिनीवर पाय टेकवते. बाकीचे विचारतात, "बाईंची जमीन कशी हाय?" ती "थंड" म्हणाली, की मगच वर्गाचं कुलूप निघतं.

यंदा टेकाडाच्या पलीकडं नवा धूर दिसतो आहे. पोरीनं पाय बराच वेळ टेकवून ठेवला. फाटकाशी कुणी हललं नाही.

मग ती म्हणाली, "अजून तं थंड हाय."