रिकाम्या जागेचा नियम

एकदा एक वृद्ध आचार्य आपल्या शिष्यासह दूरच्या शहरी प्रवचनासाठी गेले. जाण्या-येण्याची विमानाची तिकिटं एका व्यापाऱ्याने काढून दिली होती. परतीच्या दिवशी सकाळी शिष्याला त्याच शहरात राहणाऱ्या थोरल्या बहिणीचा निरोप आला, "उद्या जेवायला ये." तिच्या वास्तुशांतीला तो गेला नव्हता, तेव्हापासून तिने अबोला धरलेला. आता नाही गेलो तर ताई पुन्हा बोलावणार नाही, हे तो जाणून होता.

पण तिकीट त्या व्यापारी यजमानांनी काढलेलं. त्यांना सांगायचं कोणत्या तोंडाने? हा पडला भिडस्त गडी. जेवताना तो हळूच म्हणाला, "गुरुजी, तुम्ही पुढे व्हा. मी विमानतळावर येतच नाही. एक जागा रिकामी गेली तर कुणाचं काय बिघडतं?"

एरवी फोनला हातही न लावणारे आचार्य वाढलेला भात तसाच टाकून उठले आणि विमान कंपनीला फोन लावून बसले. पलीकडे वाजणारं संगीत त्यांनी भजन ऐकावं तशा निष्ठेने ऐकलं. शिष्य संकोचाने अर्धा झाला.

अखेर एक मुलगी बोलली, "विमान सुटण्याआधी कळवलंत, म्हणून तारीख बदलता येईल. बदलाचं शुल्क आणि भाड्यातला फरक भरा. न कळवता आला नसतात, तर हे तिकीट बाद झालं असतं."

शिष्याने दक्षिणेतून पैसे भरले. व्यापाऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "अहो, मग राहा की खुशाल!"

शिष्य आचार्यांना म्हणाला, "गुरुजी, भात निवला. एवढी घाई कशाला?"

आचार्य म्हणाले, "बाळ, ज्याला येणं जमत नाही, त्याला नियम सांभाळून घेतो, थोडी झीज सोसावी लागते, इतकंच. जो काही न सांगताच गैरहजर राहतो, त्याला मात्र क्षमा नाही. न आल्याचा राग माणूस विसरतो रे, न कळवल्याचा विसरत नाही."

दुसऱ्या दिवशी पानावर बसताच तो म्हणाला, "ताई, वास्तुशांतीच्या दिवशी माझी परीक्षा होती. पण तुला कळवलं नाही, ते माझं चुकलंच."

बहिणीचा वाढता हात थांबला. "पंगती उठल्या तरी तुझं पान मांडून बसले होते रे! एक फोन केला असतास, तर मी तरी वेळेवर जेवले असते."

एवढासाच होता तो राग. शिष्याला रडू आलं आणि हायसंही वाटलं. "आज तू आधी बस," असं म्हणून त्याने ताईचं पान आपल्या शेजारी मांडलं.