निंबोड्याच्या भाकरीवर बोटं नसतात

निंबोड्यात जेवणार असाल तर भाकरी नीट बघा. इतर गावांत तव्यावरच्या भाकरीला हातानं पाणी लावतात, बोटं उमटतात. इथं ओलं फडकं फिरवतात. बाहेरून आलेली सून हसते, मग सासू तिला ही हकिकत सांगते.

समोर गड दिसतो ना, त्याच्यासाठी दोन सख्खे भाऊ भांडले म्हणे. धाकटा गडात शिरून बसला, थोरल्यानं वेढा घातला. थोरल्याच्या फौजेला भाकऱ्या पुरवायचं काम आमच्या गावावर आलं. घरटी एक पाटी, रोज. साळूबाईच्या घरचीही जायची. आणि तिचा एकुलता एक मुलगा राणू धाकट्याच्या चाकरीत, वर गडाच्या दरवाज्यावर पहाऱ्याला, उपाशी. आपल्याच हातानं पोराच्या वैऱ्यांना जेवू घालायचं!

वेढ्याचा हवालदार कोयाजी मोठा गोडबोल्या. तो तिला म्हणाला, "मावशी, पोर आत आहे ना तुझं? एक भाकरी वेगळी दे. मी पोचवतो."

साळूबाईला तो देवमाणूस वाटला. तिची करंगळी विळ्यानं तुटलेली, त्यामुळं तिच्या भाकरीवर तीनच बोटं उठायची. त्या दिवशी तिनं ती मुद्दाम दाबून उठवली. पोराला ओळख पटावी म्हणून.

कोयाजीनं ती भाकरी गडाच्या दरवाज्यावरून आत भिरकावली आणि ओरडला, "राणू, तुझी आई बाहेर उभी आहे." राणूनं तीन बोटं बघितली. आईच्या भाकरीत दगा असेल, हे त्याच्या मनात कसं यावं? त्यानं दरवाज्यातली छोटी दिंडी उघडली.

गड त्याच दुपारी पडला. पहिला कापला गेला तो राणू. तोंडातला घास तसाच होता, असं सांगतात.

आणि भाऊ? महिन्याभरात सोयऱ्यांनी समेट घडवला, दोघं एका ताटात जेवायला बसले. मेले ते गावचे. त्या पंगतीच्या भाकऱ्याही आम्हीच थापायच्या. साळूबाईकडे पाटी मागायला कोयाजीच आला. ती चुलीपुढं बसली, भाकरी तव्यावर टाकली, पदराचा तुकडा फाडून भिजवला आणि वरून फिरवला.

"हात का लावत नाहीस?" त्यानं विचारलं.

"माझा हात तुम्ही एकदा वापरलात," ती म्हणाली. "आता भाकरी तेवढी न्या."

शेजारणींनी ते ऐकलं. संध्याकाळी गावात कुणाच्याच भाकरीवर बोट नव्हतं.

आजही नाही. इथं एखाद्याची आई जाते, तेव्हा तिच्या हातची शेवटची भाकरी टोपल्यात राहते. लेकरं ती उलटून पालटून बघतात. तिच्यावर काहीच नसतं.