नको म्हणणाऱ्यांची पंगत

कुंभेरी संस्थानाच्या खजिन्यात खडखडाट झाला! तो कशामुळे झाला हे दरबारात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून त्याबद्दल कोणीच बोललं नाही.

त्याच दिवशी सरदारांच्या जमिनींचा सारा माफ व्हायचा होता. दर हंगामाला तो व्हायचा, आणि ठरल्या रीतीनंच व्हायचा.

"रंगराव, यंदाही तुमचा सारा माफ," भुजंगराव महाराज म्हणाले.

सरदार रंगरावांनी कानांवर हात ठेवले. "नको, महाराज! खजिना अडचणीत असताना आम्हाला सूट? मुळीच नको."

"अहो, घ्या हो."

"नको म्हणजे नकोच."

"आमची शपथ आहे तुम्हाला."

मग रंगरावांनी डोळे पुसत सूट घेतली. त्यांच्यामागून बाकीच्या सरदारांनीही आळीपाळीनं डोळे पुसले.

हे आटोपल्यावर तुटीचा विषय निघाला. दिवाण त्र्यंबकपंत म्हणाले, "महाराज, खर्चाला कात्री लावायला हवी. वेशीजवळचं अन्नछत्र बंद करू. फुकट खायची सवय लोकांना लागते, ती वाईट."

रंगरावांनी जोरात मान डोलावली. फुकटेपणाची त्यांना मनापासून चीड होती.

छत्रात जेवायला यायची ती पोरकी मुलं, आंधळेपांगळे आणि म्हातारे भोई. याच सरदारांच्या पालख्या वाहून भोयांचे खांदे निकामी झाले होते. छत्रात स्वयंपाक करणारी आवडाबाई एका भोयाचीच विधवा. बातमी कानावर पडताच ती पिठाच्या हातांनी दरबारात आली.

"महाराज, छत्र बंद झालं तर ही माणसं उपाशी मरत्याल," ती म्हणाली.

"धान्य कमी आहे, बाई," महाराज म्हणाले. "कमी धान्यात सगळ्यांची पोटं भरतात का?"

"भरत्यात की. कुठं वाढायचं आन् कुठं हात आवरायचा, येवढं बघावं लागतं."

दरबार हसला. महाराज मात्र चिडले, आणि चिडले की हट्टाला पेटत.

"मग यंदाची दसऱ्याची पंगत तूच कर. सरदार, गावकरी, तुझे छत्रातले, सगळे एका पंगतीला बसतील. कोठीतून दरवर्षीच्या निम्मं धान्य मिळेल. बाहेरून एक दाणा आणायचा नाही. एकही माणूस उपाशी राहिला, तर छत्राला कुलूप. आणि ते तुझ्या हातानं लावायचं!"

"चालंल," आवडाबाई म्हणाली. "पर वाढपी माझे. वाढायची रीत बी माझी."

"मंजूर."

आता कुंभेरीच्या पंगतीचा रिवाज असा. मानाच्या माणसानं मागून घेणं म्हणजे अगदी हलकेपणा. त्यानं पानावर आडवा हात धरून 'नको नको' म्हणायचं, वाढप्यानं हात बाजूला सारून लाडू टाकायचे, आणि मानकऱ्यानं त्यातले निम्मे पानात टाकून उठायचं. याला आग्रह म्हणत. दसऱ्यानंतर दोन दिवस राजवाड्याच्या गाई चाऱ्याकडे ढुंकून बघत नसत.

दसऱ्याला पंगत बसली. प्रत्येक पानावर पहिल्या भाताची मूद पडली. मग आवडाबाईनं वाढप्यांना बजावलं, "जो मागंल त्याला पोटभर द्या. जो नको म्हनंल, त्याचं खरं माना." आणि वाढायला सुरुवात केली ती पंगतीच्या शेवटच्या टोकाकडून.

"लाडू दे, बाई, आन् जरा जास्त दे," एक म्हातारा भोई म्हणाला. त्याला मिळाले. पोरांनी मागितले, पोरांना मिळाले.

परात रंगरावांपाशी आली. "छे छे, नको!" त्यांनी सवयीनं हात आडवा धरला.

"बरं, सरकार," म्हणून वाढपी पुढे सरकला.

रंगरावांनी घाईघाईनं बोटं फाकवली, मधून एक लाडू सहज जाईल इतकी. पण परात निघून गेली होती. दिवाण म्हणाले, "आज भूकच नाही," आणि त्यांच्यावरही विश्वास ठेवला गेला. सगळ्यात शेवटी खुद्द महाराज. तेही सवयीनं "पुरे, पुरे" म्हणून गेले. वाढप्यानं मुजरा केला आणि परात उचलली.

जेवणं उरकली. महाराजांनी विचारलं, "कोणी उपाशी आहे का?"

खालच्या टोकाकडून ढेकर ऐकू आले. वरच्या टोकाला शांतता.

"रंगराव, पोट भरलं ना?"

रंगरावांचं पोट तेवढ्यात गुरगुरलं. "आकंठ, महाराज," ते म्हणाले. सगळ्या गावासमोर नको म्हणून झाल्यावर आणखी काय म्हणणार?

महाराजांनी आवडाबाईला जवळ बोलावलं आणि आवाज खाली आणला. "बाई, आम्ही स्वतःच उपाशी आहोत. तू हरलीस."

आवडाबाईचा चेहरा उतरला नाही. "मंग द्या कुलूप. पर लोक इचारतील, राजा उपाशी का ऱ्हायला? मी सांगंन, राजा पुरे म्हनला आन् म्या राजाचा शबूद खरा मानला."

तिनं परात पुढे ओढली.

"सरदारांचा बी खरा मानला," ती म्हणाली. "बघा, परातीत लाडू उरल्यात. महाराज, दरबारात बी ते नकोच म्हनत्यात. एकदा त्येंचं खरं मानून बघा, खजिन्यात बी उरंल!"

महाराजांनी परातीकडे पाहिलं, मग रंगरावांच्या रिकाम्या पानाकडे पाहिलं, आणि ते पागोटं घसरेपर्यंत हसले. "कुलूप राहू दे," ते म्हणाले. "आधी आम्हाला लाडू दे."

पुढच्या हंगामाला दरबार भरला. "रंगराव, यंदाही तुमचा सारा माफ," महाराज म्हणाले.

"नको, महाराज! मुळीच नको!"

"बरं. दिवाणजी, रंगराव नको म्हणतात. सारा वसूल करा."

रंगरावांचे डोळे या वेळी खरोखर ओले झाले. बाकीच्या सरदारांनी तर तोंडच उघडलं नाही. पण उघडून काय म्हणणार होते? 'सूट हवी' म्हणायची त्यांना सवयच नव्हती.

मग महाराजांनी आवडाबाईला पुढे बोलावलं आणि हातातलं सोन्याचं कडं काढलं. "हे तुझं इनाम. घेशील ना?"

दरबार कान टवकारून बसला. आवडाबाईनं पदराला हात पुसला आणि पुढे केला.

"द्या की, महाराज."

हसून हसून महाराजांना कडं तिच्या हातात घालता येईना.