पुठ्ठ्यावरचा उंदीर

"याला दया म्हणायचं का, अप्पा?"

रेवण हातातला पुठ्ठा अप्पांच्या पुढ्यात आपटणारच होता. पण वर जीव होता, म्हणून ऐनवेळी हात आवरला आणि हळू ठेवला.

उंदीर पुठ्ठ्यावर आडवा चिकटला होता. जिवंत होता. पाय गोंदात रुतलेले, एक कूस पार बसलेली. शेपटीचं टोक तेवढं मोकळं राहिलं होतं, आणि तेच हलत होतं.

अप्पा मठाच्या ओसरीवर पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते. दुपार कलली होती. संध्याकाळी त्यांचं प्रवचन. विषय दया. फाटकावर तसा फलक लागला होता, अप्पांच्या हसऱ्या फोटोसकट.

"कुठं मिळाला?" अप्पांनी विचारलं.

"तुमच्या कोठीत. तांदळाच्या पोत्यांमागं. असे पुठ्ठे तिथं ओळीनं लावलेत."

तेवढ्यात मागून गुलाबकाका धापा टाकत आले. मठाची कोठी त्यांच्याकडं. धान्य, तेल, गूळ, किल्ल्या, सगळं त्यांच्या कमरेला.

"अरे, अप्पांना असलं दाखवतात का?"

"का? अप्पांना डोळे नाहीत?"

"तोंड बघा याचं. कॉलेज सोडून आलेलं पोर, आणि…"

"कॉलेज सोडलं, अक्कल नाही सोडली, काका."

अप्पांनी एक शेंग उकलली, दाणे परातीत टाकले, टरफल बाजूला ठेवलं.

रेवण मठात आला तो काही देव शोधायला नव्हे. फार्मसीचं शिक्षण अर्धवट टाकून तो घरी बसला, तेव्हा वडील रोज विचारायचे, पुढं काय? आणि उत्तर ऐकायच्या आत चपला घालून बाहेर पडायचे. सख्खा काका म्हणायचा, आमच्या वेळी असं नव्हतं. मामा म्हणायचा, थोडं सहन करायला शिक. तिघांनीही आयुष्यात काही सहन केलेलं रेवणला आठवत नव्हतं. सहन करायचं ते घरातल्या बायकांनी.

त्याला असा एक म्हातारा बघायचा होता, जो बोलतो तसा वागतो. एकच पुरे होता. कुणीतरी अप्पांचं नाव सांगितलं, म्हणून तो इथं आला.

पिशवी त्यानं अजून रिकामी केली नव्हती. आज अप्पांनी गोडगोड बोलून विषय टाळला, तर तीच पिशवी उचलायची आणि वाट धरायची, हे ठरवूनच तो ओसरीवर आला होता.

"बोला ना, अप्पा. मठात हत्या नको म्हणता. मग हे काय?"

"हत्या नकोच म्हणून तर हे आणलं," गुलाबकाका म्हणाले. "विष नाही, काही नाही. आपण मारत नाही त्याला. तो येतो आणि चिकटतो."

"आणि मग?"

"मग काय. पुठ्ठा दुमडायचा, पिशवीत घालायचा आणि उकिरड्यावर टाकायचा. पुढचं त्याचं तो बघतो."

"काय बघतो?"

गुलाबकाकांनी किल्ल्यांचा जुडगा उगाच सारखा केला.

"मी सांगतो काय बघतो," रेवण म्हणाला. "सुटायला धडपडतो. कातडी सोलून निघते. स्वतःचाच पाय कुरतडतो. नाकाला गोंद लागला तर गुदमरतो, नाही लागला तर तहानेनं मरतो. दिवस जातो त्यात. कधीकधी दोन जातात. आणि तुम्ही म्हणता, आपण मारत नाही."

अप्पांनी विचारलं, "विष बरं मग?"

प्रश्न अगदी साधा होता. पण मोठ्या माणसानं रेवणला काही विचारावं आणि उत्तरासाठी थांबावं, हे बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. तो मांडी घालून खालीच बसला.

"विष? दुकानात मिळतात त्या वड्या? त्यांनी रक्त गोठायचं थांबतं. आतल्या आत रक्त वाहत राहतं. खाल्ल्यावर लगेच काही होत नाही. दिवसच्या दिवस तो फिरतो, मग मंद होतो, मग कुठंतरी कोपऱ्यात पडतो."

"पण बाहेर जाऊन मरतो," गुलाबकाका म्हणाले. "त्याचा हाच तर फायदा."

"कुणाचा फायदा?"

"घरात वास येत नाही."

"बघा, अप्पा. हा यांचा फायदा."

"बरं," अप्पा म्हणाले. "पिंजरा?"

"पिंजरा चांगला. पण पकडल्यावर काय करायचं? आमच्या घरी बादलीत बुडवायचे. आजोबा देवपूजेला बसायचे आणि तिथूनच ओरडायचे, रेवण, बुडवून ये. मला सहावीत ठाऊक होतं, बुडताना उंदीर वर बघतो."

"आम्ही ओढ्यापलीकडं सोडायचो," गुलाबकाका म्हणाले. "माझ्या लहानपणी. जिवंत."

"ओढ्यापलीकडं कोण राहतं?"

"वस्ती आहे ना तिथं."

"त्यांच्या घरात धान्य नसतं का?"

उंदराचा आवाज आला. बारीक, सुई टोचल्यासारखा. मग थांबला.

"आणि सापळा?" अप्पांनी विचारलं. "फळीवरचा. खटकन बसतो तो."

"नेमका मानेवर बसला तर सगळ्यात बरा. त्याला कळायच्या आत संपतं. बघा, मी काही म्हणत नाही की उंदीर पोसा. ते धान्य नासवतात, रोग आणतात, मला कळतं. माझं म्हणणं एवढंच, की मारायचं तर मारताय असं म्हणा. त्याला दुसरं नाव देऊ नका. आणि मग त्यातल्या त्यात…"

रेवण बोलतच राहिला. आता त्याला लय सापडली होती. कुठल्या औषधानं पोटात वायू होतो, कुठल्यानं झटके येतात, परदेशात कशावर बंदी आहे. घरी हे कुणी ऐकून घेतलं नव्हतं. इथं एक पांढऱ्या दाढीचा माणूस, ज्याच्या पाया पडायला गाड्या करून लोक येतात, तो शेंगा सोलत 'बरं' म्हणत होता. आपलं बरोबर आहे हे रेवणला ठाऊक होतंच. आज ते कुणाच्या तरी गळी उतरत होतं.

अप्पांनी शेवटची शेंग सोलली. हात झटकले.

"हा तुला कधी सापडला?"

"सकाळी. आरतीच्या आधी."

अप्पांनी अंगणात पाहिलं. चिंचेची सावली फाटकापर्यंत लांबली होती.

"तुमच्याभोवती लोक होते," रेवण म्हणाला. "मग तुम्ही जेवायला बसलात. मग जरा आडवे झाला होतात. मी थांबलो."

"कशासाठी?"

"तुम्हाला दाखवायचं होतं."

"तोवर मेला असता तर?"

सकाळपासून रेवणनं हा पुठ्ठा कोठीमागच्या पायरीवर ठेवला होता. उन्ह आलं तेव्हा उचलून सावलीत सरकवला होता. मधूनमधून जाऊन वाकून पाहिलं होतं, शेपूट हलतेय का. हलताना दिसली की त्याला बरं वाटलं होतं.

का बरं वाटलं होतं, ते त्याला आत्ता कळलं. मेलेला उंदीर दाखवून अप्पांना गप्प करता आलं नसतं.

कान तापले. पण रेवण मान खाली घालणाऱ्यांतला नव्हता.

"आणि तुम्ही?" तो म्हणाला.

"मी काय?"

"मघापासून विचारताय. विष बरं का, पिंजरा बरा का, सापळा बरा का. तुम्हाला ऐकायचं थोडंच होतं. माझ्या तोंडून वदवून घेऊन मग मला हे सुनावायचं होतं. शेंगा संपेपर्यंत तो इथं असाच पडून राहिला, तुमच्यासमोर. मला धडा द्यायला तुम्हालाही तो लागलाच की."

"रेवण," गुलाबकाका म्हणाले, "तोंड आवर. कुणाशी बोलतोयस?"

"समोर बसलेत त्यांच्याशी."

अप्पांचा हात परातीवर होता तो तिथंच राहिला. मठात आल्यापासून रेवणनं त्यांना उत्तर शोधताना पाहिलं नव्हतं. लोक प्रश्न विचारायचे आणि उत्तर तयार असायचं, गरम, वाढलेलं.

"हो," अप्पा म्हणाले. "लागला."

एवढंच. पुढं 'पण' आलं नाही. मोठ्या माणसाच्या 'हो'नंतर 'पण' येतंच, अशी रेवणची खात्री होती. तो वाट बघत राहिला.

उंदीर पुन्हा बारीक ओरडला.

"तेल लावून सुटेल का?" अप्पांनी विचारलं.

रेवण वाकला. जवळून बघितलं. मागचा एक पाय उलटा फिरला होता, हाड बाहेर आलं होतं. पोटाकडची कातडी गोंदालाच राहिली होती.

"सुटेल. जगणार नाही."

"मग?"

रेवणनं पुठ्ठा अप्पांच्या बाजूला सरकवला.

"मग, रेवण?"

"तुम्ही करा," रेवण म्हणाला. "मठ तुमचा. पुठ्ठा तुमचा."

"केलं असतं. पण मला येत नाही. मी चुकेन, आणि मग त्याला पुन्हा सोसावं लागेल." अप्पांनी त्याच्याकडं पाहिलं. "तुला येतं?"

रेवणला येत होतं.

कॉलेजात एक सर होते. त्यांच्या पीएचडीसाठी प्राणीघरात उंदीर पाळले होते, आणि मदतीला पोरं लागायची. एका हातानं मान दाबायची, दुसऱ्यानं शेपटीच्या बुडाशी धरून झटक्यात ओढायचं. सरांनी करून दाखवलं ते चुकलं. पुन्हा केलं, पुन्हा चुकलं. उंदीर टेबलावर फिरत राहिला. मग रेवणनं केलं. एका झटक्यात संपलं. सर मोबाइलवर काहीतरी लिहीत होते, मान वर न करता म्हणाले, छान, हात चांगला आहे तुझा, उद्यापासून तूच करत जा.

दुसऱ्या दिवसापासून रेवण कॉलेजला गेला नाही. पुन्हा कुठल्या जिवाला हात लावणार नाही, असं त्यानं स्वतःला बजावलं होतं. घरी यातलं काही सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

"येतं," तो म्हणाला. "पण मी ते सोडलंय."

अप्पांनी 'कर' म्हटलं नाही. 'करू नको' असंही म्हटलं नाही. ते पुठ्ठ्याकडं बघत बसले. या खेपेला ते कुणाला काही शिकवत नव्हते, एवढं रेवणलाही दिसलं. ते नुसते बघत होते, आणि त्यांना बघवत नव्हतं.

रेवण उठला. स्वयंपाकघरातून वाटीत तेल आणलं.

त्यानं बोट तेलात बुडवून उंदराच्या कडेकडेनं फिरवलं. गोंद सैल व्हायला वेळ लागला. उंदीर चावला नाही. चावायचं त्राण उरलं नव्हतं. एकेक पाय सुटला. रेवणनं त्याला तळहातावर घेतलं. काळीज धडधडत होतं, उंदराचं, आणि बहुतेक रेवणचंही.

अप्पा सरकून जवळ आले. गुडघ्याला गुडघा लागेल इतके.

"बोट कुठं ठेवतोस?"

"इथं. कवटीच्या मागं."

अप्पांनी आपलं बोट रेवणच्या बोटावर ठेवलं.

"इथं?"

"थोडं खाली."

"हं."

गुलाबकाका भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. तोंडानं काहीतरी पुटपुटू लागले, देवाचं असावं.

रेवणनं ओढलं.

शेपूट थांबली.

फाटकापाशी मंडपवाल्याची पोरं खुर्च्या उतरवत होती, त्यांचा खडखडाट तेवढा येत होता. अप्पांचं बोट अजून तिथंच होतं. मग त्यांनी ते काढून घेतलं आणि त्या बोटाकडंच पाहत राहिले.

गुलाबकाका वळले.

"झालं एकदाचं. आता दोघंही आंघोळ करा, मंडळी यायची वेळ झाली. आणि अप्पा, कोठीत पुढं काय लावायचं ते सांगून टाका. भंडारा तोंडावर आलाय. मी काही उंदरांसाठी तांदूळ भरला नाही."

अप्पांनी रेवणकडं बघितलं.

"आधी भिंतीतली बिळं बुजवा," रेवण म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "दारालाही खालून फट आहे. पोती जमिनीवर टाकलीत, ती फळ्यांवर चढवा. निम्मे तिथंच कमी होतील."

"आणि उरलेले?" अप्पांनी विचारलं.

"सापळा. मानेवर बसणारा."

"नेहमी मानेवर बसतो?"

"…नाही. कधी पायावर बसतो. कधी पाठीवर."

"मग?"

रेवणनं हातातल्या उंदराकडं पाहिलं. तो अजून कोमट होता.

"मग कुणीतरी तिथं असायला हवं," तो म्हणाला. "जवळ. लगेच संपवायला."

"सकाळी जाऊन बघितलं तर?"

"नाही चालणार. तिथंच बसायला हवं."

गुलाबकाकांनी डावा गुडघा चोळायला घेतला. त्यांचं गुडघ्याचं दुखणं अशा वेळी हमखास वर यायचं. चोळता चोळता त्यांनी मान वळवली आणि रेवणकडं बघितलं.

रेवणला ती नजर पाठ होती. घरी देवघरातून यायची, कॉलेजात मोबाइलवरून मान न उचलताही यायची. मोठी माणसं आधी एकमेकांकडं बघतात, मग छताकडं बघतात आणि शेवटी घरातल्या लहानाकडं बघतात. त्यात वाईट काही आहे असं त्यांना वाटतही नाही.

अप्पांनीही तशीच मान वळवली, तर आंघोळही न करता निघायचं. पिशवी दाराशीच होती.

"कोण बसणार?" त्यानं विचारलं.

अप्पांनी मान वळवली नाही. भिंतीचा आधार घेत ते उठले. मांडीवरची टरफलं खाली पडली, ती त्यांनी झटकलीही नाहीत.

"गुलाबराव," ते म्हणाले, "माझं अंथरूण कोठीत टाका."