आभाळाचा नट

यंत्रं बोलायची आणि माणसांना ते ऐकू यायचं, तेव्हाची गोष्ट. एका बंदरावर हरेश्वर नाखव्यांचा बर्फाचा कारखाना होता. तिथल्या जुन्या यंत्राच्या पोटात एक वायू कोंडलेला होता. तो नळ्यांतून फिरत पाण्याची ऊब शोषून घ्यायचा आणि बर्फाच्या लाद्या व्हायच्या.

पुढे फर्मान निघालं. हा वायू आभाळ तापवतो, म्हणून यंत्रं बदला. वायू मात्र हवेत न सोडता टाकीत भरून सरकारजमा करा.

"शेट, टाकी मागवू?" धर्मा मिस्त्रीने विचारलं.

"आणि टाकी येईतो कारखाना बंद ठेवू? मासळी कुजेल माझी. नट ढिला कर. वायू काय दिसतोय कुणाला!"

वायू कळवळून म्हणाला, "नाखवा, आत आहे तोवर मी तुमचा चाकर. बाहेर पडलो की मी माझाही नाही."

"गप रे!"

मिस्त्रीने मान खाली घालून नट ढिला केला. फुस्स झालं आणि संपलं.

बंदरोबंदरी असेच नट ढिले झाले. काही वर्षांत उन्हाळे असे तापले की लादी होडीपर्यंत नेईस्तोवर तिचं पाणी व्हायचं. नवं यंत्र धापा टाकू लागलं.

"तुला काय धाड भरली?" नाखवा खेकसले.

"मी आत गार करतं," यंत्र म्हणालं, "तुम्ही सोडलेला वायू वर बसून तापवतो."

"धर्मा, अरे बंद कर त्याला!"

धर्मा पान्हा घेऊन धावत बाहेर आला आणि वर बघतच राहिला. आभाळाला कुठेच नट नव्हता.