आबासाहेबांच्या गाडीचा रंग

एका गावात एक भोळा रंगारी होता. सोपान त्याचं नाव. बैलांची शिंगं रंगवावीत तर सोपाननंच. देवळाच्या खांबावर त्यानं काढलेल्या फुलांवर मधमाश्या येऊन फसायच्या. हात सोन्याचा होता. डोकं मात्र देवानं घाईत दिलं होतं. सांगावं तेवढंच तो करायचा, आणि एकदा सांगितलेलं कधी विसरायचा नाही. धोका होता तो यातच.

त्याच गावात आबासाहेब राहायचे. त्यांच्या वडिलांची एक जुनी स्पोर्ट्स कार होती. बसायला दोघांपुरती जागा, डोक्यावर छप्पर नाही, आणि बुटकी एवढी की शेजारी म्हैस उभी राहिली तर गाडी दिसायची नाही. आबासाहेबांची थोरली बहीण, अक्कासाहेब, याच गाडीतून सासरी गेली होती. पुढे गाडी गावभर फिरली, आणि शेवटी गोठ्यात पडून राहिली. यंदा आबासाहेबांनी ती दुरुस्त करून घेतली. दसऱ्याला अक्का माहेरी येणार होती. तिला या गाडीत बसवून सीमोल्लंघनाला न्यायचं, एवढीच त्यांची इच्छा. अक्काचे गुडघे आता दर वर्षी प्रवासाला हो म्हणत नव्हते. पुढच्या दसऱ्याचं कुणी सांगावं?

इंजिन सुरू झालं. राहिला रंग. मूळचा रंग कुणालाच आठवेना. आबासाहेब तर तेव्हा रांगत होते. गाडी खरवडून बघितली, तर दर थराखाली एक निवडणूक निघाली. ज्याची मिरवणूक, त्याचा रंग. सगळ्यांत खाली गंज निघाला. तो मात्र सर्व पक्षांचा सामाईक.

सरपंच म्हणाले, "आमच्या पॅनेलचा रंग द्या की, आबा. गाडी आम्हाला परत लागेलच."

अक्काला विचारायचं नव्हतं. तिला नवल वाटायला हवं होतं. शेवटी आबासाहेबांनी वडिलांचा एक जुना फोटो शोधला आणि सोपानच्या हातात दिला. "यात आहे तशी रंगव."

संध्याकाळी गाडी तयार झाली. करडी. चाकं करडी, दिवे करडे, काचही करडी. फोटोला मधोमध घडी पडली होती, म्हणून बॉनेटवर एक पांढरी रेघ. फोटोच्या कोपऱ्यात चहाच्या कपाचा डाग होता. सोपाननं तोही दिला होता, अगदी गोल.

आबासाहेबांनी कपाळाला हात लावला. "अरे, जुन्या फोटोत रंग असतो का कधी? कळत नसेल तर घरात विचारावं. घरातलं माणूस सांगेल तो रंग द्यावा."

सोपाननं मान डोलावली. "जी. आता चुकायचो न्हाय."

दुसऱ्या दिवशी नवरात्र बसलं. सोपान सकाळीच ओसरीवर हजर. "वहिनीसाहेब, रंग कुठला?"

आबासाहेबांच्या पत्नी घटाला माळ बांधत होत्या. त्यांना मोठं कौतुक वाटलं. पुरुषमाणूस असून व्रताची एवढी आस्था! त्या म्हणाल्या, "आज पिवळा रे बाबा."

नवरात्राचे रंग कुठल्या पोथीत सांगितलेले नाहीत. ते पेपरात असतात. पण एक वेळ बाई पोथीचं पान चुकवेल, रंग चुकवणार नाही.

गाडी पिवळी झाली. आबासाहेबांना रंग आवडला. त्यांनी लाडानं बॉनेट थोपटलं, आणि त्यावर त्यांची पाचही बोटं उमटली. ते स्वतःवरच चिडले. "सोपान, वाळेपर्यंत गाडीला कुणाला हात लावू द्यायचा नाही! कुणाला म्हणजे कुणाला. मलासुद्धा!"

"जी. आता चुकायचो न्हाय."

आबासाहेब टायर आणायला शहरात गेले. इकडे सोपान रोज सकाळी ओसरीवर. "वहिनीसाहेब, रंग कुठला?" आज हिरवा. गाडी हिरवी. आज केशरी. गाडी केशरी. वहिनीसाहेब साडी बदलत, गाडी अंग बदलत होती.

आबासाहेब टायर घेऊन परतले ते पहाटेच्या एसटीनं. अंधुक होतं, रंग काही दिसला नाही. ते गाडीत बसले. वडिलांचा हात याच स्टिअरिंगवर असायचा, असं म्हणत त्यांनी डोळे मिटले. प्रवासाचा शीण होता. डोळा लागला.

जाग आली तेव्हा ऊन वर आलं होतं, आणि सोपान दाराला शेवटचा हात देत होता. पोपटी.

"सोपान! हे काय?"

"आजचा रंग पोपटी हाय जी."

आबासाहेब उठायला गेले. सोपाननं काठी आडवी धरली. "हात लावायचा न्हाय!"

"अरे गाढवा, मी मालक आहे!"

"तुमीच म्हणाला न्हवं, मलासुद्धा?"

आबासाहेबांचं पोट मोठं. हात न टेकता दारावरून उतरणं त्यांना जमण्यातलं नव्हतं. ते बसून राहिले. वहिनीसाहेबांनी लांब दांड्याच्या झाऱ्यानं साबुदाण्याची खिचडी भरवली. येणाऱ्याजाणाऱ्यांनी ते पाहिलं. दुपारपर्यंत गावभर झालं की आबासाहेबांनी गाडीत नवरात्र धरलंय, जागचे हलत नाहीत, उपासाचंच खातात. बायका तेलाची वाटी आणि नारळ घेऊन आल्या. सोपान सगळ्यांना काठीनं मागे सारत होता, त्यामुळे जागा आणखीच कडक वाटायला लागली. सरपंचांनी लांबूनच हात जोडले आणि भक्तनिवास मंजूर करून टाकला.

दिवेलागणीला रंग वाळला. आबासाहेब उतरले. पाय बधिर झाले होते, तोंड तेवढं चालू होतं. "या गाडीला पुन्हा ब्रश लावलास तर याद राख! देवी येऊन म्हणाली तरी लावायचा नाही!"

"जी. आता चुकायचो न्हाय."

गाडी पोपटीच राहिली. नवमीला अक्कासाहेब आल्या. वहिनीसाहेबांच्या पोटात गोष्ट राहिली नव्हती, त्यांनी फोनवर सगळं सांगून टाकलं होतं. अक्कासाहेबांनी पिशवीतून एक शालू काढला. पिकल्या जांभळाच्या रंगाचा, सोनेरी काठाचा.

"आबा, माझ्या लग्नातला. बाबांनी गाडीच्या रंगावरून निवडला होता. म्हणाले, पोरगी जाताना गाडी नि शालू एक दिसायला हवं."

आबासाहेबांचे डोळे भरून आले. शेवटी रंग सापडला! त्यांनी सोपानला हाक मारली, शालू त्याच्या हातात ठेवला. "नीट ऐक. उद्या दसरा. शालू आणि गाडी एका रंगाची दिसली पाहिजेत. अगदी तंतोतंत. समजलं?"

"समजलं जी."

सोपान बराच वेळ डोकं खाजवत बसला. दोन्ही एका रंगाची हवीत. गाडीला तर ब्रश लावायचा नाही. मग एकाएकी त्याचा चेहरा उजळला.

दसऱ्याच्या सकाळी सगळे अंगणात आले. गाडी पोपटी होती. आणि शेजारी दोरीवर शालू वाळत होता. पोपटी. काठ, पदर, बुट्टे, सगळं ऑइलपेंटनं, बारीक ब्रशनं, एक धागा न सोडता. वारा होता, पण शालू हलत नव्हता. पत्र्यासारखा उभा होता.

"तंतोतंत हाय का न्हाय?" सोपान म्हणाला.

आबासाहेब मटकन खाली बसले. वहिनीसाहेबांनी देवीचं नाव घेतलं. अक्कासाहेबांनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलायला लागले. सगळ्यांना वाटलं, म्हातारी रडतेय. पण पदर खाली आला तेव्हा अक्कासाहेब हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"आबा, लग्नानंतर हा डांबराच्या गोळ्यांशिवाय कुणी बघितला नव्हता रे. बाबांचं म्हणणं राहिलं की नाही? गाडी नि शालू एक! चल, ऊठ, गाडी काढ."

त्या गुडघ्यावर हात टेकून गाडीत जाऊन बसल्यासुद्धा. आबासाहेबांनी डोळे पुसले, टोपी सारखी केली आणि इंजिन सुरू केलं. अक्कासाहेब म्हणाल्या, "सोपान, शालू दे बाबा मांडीवर. घेऊनच वेस ओलांडते."

सोपान काठी घेऊन दोरीपुढे आडवा उभा राहिला.

"हात लावायचा न्हाय, अक्कासाहेब. अजून ओला हाय. दसरा उद्या करा."